दोन फुटांच्या समुद्रात कोणाकोणाला घ्यायचं?

नमस्कार काका,

गेली सहा वर्षं आमच्याकडे गोड्या पाण्याची टाकी आहे. गप्पी, मॉली, दोन एंजल, सगळं छान चाललंय. यंदा लेकीच्या (वय ९) हट्टापायी खाऱ्या पाण्याची टाकी घेतली. २ फूट लांब, १ फूट रुंद, सवा फूट उंच. वाळू, दगड, मीठ, पंप सगळं कुर्ल्याच्या दुकानदाराने घरी येऊन लावून दिलं. आज दहावा दिवस. "टाकी टेस्ट करायला" म्हणून त्याने एक काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा छोटा मासा फुकट दिला. तो मजेत आहे. आता दुकानदार म्हणतो, पाणी तयार झालं, शनिवारी या, बिगिनर सेट देतो: दोन केशरी क्लाउन, एक ब्लू टँग, तीन निळे डॅमसेल, एक मँडरिन आणि क्लाउनला बसायला फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी, अ‍ॅनिमोन. लेकीला वर समुद्रघोडाही हवाय. हे म्हणतात, एवढ्याशा टाकीत इतके जण जास्त होतात. पण गोड्या पाण्यात तर मी याहून जास्त ठेवलेत! नक्की कोणते घेऊ आणि किती? आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, वर थेट गच्ची, मे महिन्यात हॉल भट्टीसारखा तापतो, हेही सांगून ठेवते.

— एक वाचक, डोंबिवली

ताई, शनिवारी दुकानात जरूर जा. मात्र काही आणायला नाही, परत द्यायला. तो फुकटात आलेला काळा मासा आधी बाहेर काढायचा आहे.

त्याला डॉमिनो डॅमसेल म्हणतात. काळंभोर अंग, दोन्ही कुशींवर एकेक आणि कपाळावर एक, असे तीन पांढरे ठिपके. आज तो शर्टाच्या बटणाएवढा आहे, काचेजवळ बोट नेलं की पुढे येतो, लेकीला आवडलाही असेल. पुढे तो पाच इंचांच्या वर जातो, ठिपके पुसट होतात, काळ्याचा धुरकट राखाडी होतो, आणि अख्खी टाकी आपल्या एकट्याच्या नावावर आहे असं तो धरून चालतो. २००८ साली माझ्या पहिल्या टाकीत मलाही असाच एक "टेस्टिंगला" मिळाला होता. त्याने दोन क्लाउन एका कोपऱ्यात कोंबले आणि महिन्याभरात त्यातल्या एकाच्या शेपटीच्या चिंध्या केल्या. शेवटी एका रविवारी रात्री सगळे दगड बादलीत काढून, अर्धं पाणी उपसून मी त्याला पकडला. तेव्हा साडेबारा वाजले होते, हॉलभर वाळू होती आणि घरात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं.

दहा दिवसांत टाकी तयार होत नाही. तुमच्या मिस्टरांचा संशय बरोबर आहे, फक्त त्यांनी तो माशांच्या संख्येवर घेतला, तारखेवरही घ्यायला हवा होता. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. एका जातीचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचा नायट्रेट. हे जिवाणू दगडांवर, वाळूत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. गोड्या पाण्यात तुम्ही आठवड्याभरात मासे सोडले असतील आणि ते जगलेही असतील. त्याचं कारण तिथे पाण्याचा पीएच सातच्या आसपास असतो आणि बहुतेक अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३. तिथे तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग दहापटीहून जास्त भरतो. डॉमिनो चिवट आहे म्हणून मरत नाही, पण त्याचे कल्ले पोळत असणार. मजेत आहे असं आपल्याला वाटतं, कारण मासा कण्हत नाही.

तो गेला की बाजारातून एक मध्यम कोळंबी आणा. कच्ची, सोललेली, हळद-मीठ काही न लावलेली. जाळीच्या छोट्या पिशवीत घालून टाकीत लटकवा. तुमच्या टाकीतला पहिला अधिकृत रहिवासी हाच, आणि तोही मेलेला. ती सडली की अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खाणं मिळतं. थेंबांचा टेस्ट किट घ्या, कागदाच्या पट्ट्या नकोत. अमोनिया २ पीपीएमच्या (दहा लाखात दोन भागांच्या) आसपास दिसला की कोळंबी काढून टाका, नाहीतर घरात वासाने राहवणार नाही. मग फक्त मोजत बसायचं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसतोय, असं सलग आठवडाभर आलं की टाकी तयार. हे काम लेकीला द्या. वही, तारीख, तीन रकाने. नऊ वर्षांच्या मुलांना थेंब मोजायला आवडतं, आणि मासे अजून का नाहीत याचं उत्तर तिला रोज तिच्याच अक्षरात मिळेल.

आता संख्या. २४ गुणिले १२ गुणिले १५ इंच म्हणजे काठोकाठ ७० लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली तर पाणी ५५ लिटरच्या आसपास उरतं. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा साधारण एक पंचमांश कमी प्राणवायू विरघळतो, पाणी तापलं की आणखी कमी. शिवाय गप्पी आणि मॉली गर्दीत खूश असतात. प्रवाळातला मासा तसा नाही. त्याला स्वतःची एक कपार लागते, तिच्यापुढचं अंगण लागतं, आणि त्या अंगणात दुसरा आला की भांडण होतं. दोन फुटांची टाकी म्हणजे चाळीतली डबल रूम. तळ एकाचा, मधली हवा एकाची, वरचा कोपरा एका जोडप्याचा. झालं. तुमच्या टाकीत चार मासे, पाचवा नाही. कोणी पाच-सहा ठेवून दाखवले तर ती टाकी वर्षभराने पुन्हा बघा.

दुकानदाराच्या यादीतले क्लाउन तेवढे ठेवू, बाकी सगळे काट.

ब्लू टँग आज दोन इंचांचा दिसतो, वाढून फूटभर होतो. तुमची टाकी दोन फुटांची. तो दिवसभर येरझाऱ्या घालत शेवाळ खुडत फिरणारा मासा आहे, त्याला सहा फुटांची टाकीही मोठी वाटत नाही. अडकून पडला की ताणाने त्याच्या अंगावर पांढरे ठिपके येतात, आणि तो रोग टाकीतल्या सगळ्यांना लागतो. मँडरिन, तो हिरव्या-निळ्या-केशरी नक्षीचा पैठणीसारखा मासा, बघून कोणाचाही जीव जडेल. पण बहुतेक मँडरिन दगडांवरचे डोळ्यांना जेमतेम दिसतील असे जिवंत जीव दिवसभर टिपून खातात, बाकी अन्नाकडे ढुंकून बघत नाहीत. नव्या टाकीत ते जीवच नसतात. दोन-तीन महिने तो दिसायला छान असतो, पोट मात्र आत आत जातं, आणि मग एका सकाळी तो नसतो. तीन निळ्या डॅमसेलबद्दल डॉमिनोच्या निमित्ताने सांगितलंच. तीन आणले तर दिवाळीपर्यंत एक उरेल.

अ‍ॅनिमोनबद्दल जरा थांबून बोलतो, कारण "क्लाउनला बसायला" हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं. अ‍ॅनिमोनला झगझगीत प्रकाश आणि किमान सहा महिने स्थिरावलेलं पाणी लागतं. जागा पटली नाही तर तो चालू लागतो, रात्रीत पंपाच्या तोंडाशी पोचतो, चिरडला जातो आणि मरताना सगळं पाणी नासवतो. क्लाउनला त्याची गरज समुद्रात असते, कारण तिथे त्याला खाणारे असतात. हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, जन्मलेल्या क्लाउनने अ‍ॅनिमोन पाहिलेलाही नसतो. माझ्या आताच्या जोडीने थर्मामीटर दत्तक घेतलाय. रात्री दोघं त्याला अंग घासत झोपतात. तापमान बघायला मान वाकडी करावी लागते, एवढाच त्रास.

समुद्रघोड्याला मात्र ठाम नाही म्हणा. तो भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, दुकानात दिसला तरी घ्यायचा नाही. कडक प्रवाळाचंही तेच. मालवणला गेलात तर पाण्यातून दगड किंवा प्रवाळाचा तुकडा "टाकीत शोभेल" म्हणून पिशवीत टाकू नका. दुकानदाराने लावलेले तुमचे दगड कुठले आहेत तेही एकदा विचारा.

आता माझी यादी, त्याच क्रमाने सोडायची. अनेक जण क्लाउन आधी सोडतात, कारण तो काटक. माझं मत उलट आहे. क्लाउन जागा धरणारा मासा आहे, आधी आला की मागून येणाऱ्यांना दारातच अडवतो. गरीब स्वभावाचे आधी, घरमालक शेवटी.

सगळ्यात आधी दोन-तीन शंखातल्या गोगलगायी. शेवाळाच्या कामाला त्या पुरेत. दोन आठवड्यांनी पहिला मासा: पिवळा वॉचमन गोबी. चार इंचांपर्यंत वाढतो, तोंड वाकडं करून बसल्यासारखा दिसतो, अंगावर बारीक निळे ठिपके. दुकानात कधी तो करड्या-तपकिरी रंगात असतो, तोही हाच, टाकू नका. हा तळाचा भाडेकरू. जमलं तर त्याच्याबरोबर एक पिस्तुल कोळंबी आणा, आणि मग लेकीला टीव्ही लागणार नाही.

ही कोळंबी जवळजवळ आंधळी. तिचं काम बीळ खणायचं. ती दिवसभर पुढच्या नांग्यांनी बुलडोझरसारखी वाळू ढकलत बाहेर आणते, वळते, पुन्हा आत जाते. बिळाच्या तोंडाशी गोबी पहारा देतो. बाहेर आली की तिची एक लांब मिशी कायम गोबीच्या अंगाला टेकलेली असते, जसं गर्दीत आंधळ्या माणसाचा हात सोबत्याच्या खांद्यावर असतो. कोणी आलं की गोबी शेपटी थरथरवतो, मिशीतून तो इशारा तिला कळतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत दोघंही बिळात. रात्री कधी "टक्" असा आवाज आला तर काच तडकली म्हणून उठून धावू नका. ती तिची नांगी आहे. मी धावलो होतो.

यासाठी दोन गोष्टी. वाळू किमान दोन इंच हवी. आणि दगड वाळूवर ठेवलेले नकोत, टाकीच्या तळाच्या काचेवर टेकलेले हवेत, वाळू नंतर त्यांच्याभोवती. नाहीतर ही बाई खालून खणून डोंगर पाडते आणि खाली गोबी सापडतो. तुमच्या दुकानदाराने कसे रचलेत ते आत्ताच, टाकी रिकामी असताना बघून घ्या.

दुसरा मासा फायरफिश. तोंडाकडे पांढरा-पिवळसर, मागे जात जात केशरी आणि शेवटी लालभडक, पाठीवर एक उंच काडी जी तो सिग्नलसारखी वरखाली करतो. तीन-साडेतीन इंच. मधल्या पाण्यात तरंगत राहतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एकच घ्या, दोन घेतले की आपापसात भांडतात. याचं एकच वैगुण्य: घाबरला की उडी मारतो, थेट बाहेर. माझा पहिला फायरफिश केर काढताना टाकीच्या स्टँडमागे सापडला, बोंबलासारखा सुकलेला. काचेचं झाकण ठेवू नका, तुमच्याकडे उष्णता कोंडेल. खिडक्यांना स्लायडिंगची जाळी बसवणारा माणूस असतो ना, त्याच्याकडून टाकीच्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची चौकट करून बारीक जाळी लावून घ्या.

शेवटी क्लाउनची जोडी. ऑसेलारिस जातीचेच मागा. तीन इंचांच्या थोडे पुढे जातात आणि त्यातल्या त्यात शांत. आपल्याकडे सेबा क्लाउन स्वस्तात मिळतो, मन्नारच्या आखातातून पकडून आणलेला बराच असतो. दिसायला देखणा, पण वाढून सहा इंचांच्या घरात जातो आणि दांडगाई करतो. 'मरून' नावाच्या जातीचा आणि टोमॅटो क्लाउन तर नकोतच. ऑसेलारिस हॅचरीत जन्मलेले मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनची पैदास करण्याचं तंत्र भारतात बसवून बरीच वर्षं झाली, नवी मुंबईत ऐरोलीलाही मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनची हॅचरी उभी राहिली. हॅचरीतलं पिल्लू पहिल्या दिवसापासून दाणे खातं, काचेला घाबरत नाही, आणि त्यासाठी कोणी प्रवाळावर जाळं टाकलेलं नसतं.

जोडी म्हणजे नर-मादी शोधत बसायचं नाही. एक जरा मोठं आणि एक लहान, अशी दोन पिल्लं एकदमच घ्या. जन्मतः यातलं कोणीच मादी नसतं. दोघांत जे वरचढ ठरतं ते वाढून मादी होतं, दुसरं नर राहतं. पुढे मादी मेली तर नराची मादी होते. हे लेकीला समजावून सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, माझ्या पुतण्याने शाळेत सांगितलं आणि बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली. सुरुवातीला मोठं लहानाच्या मागे लागेल आणि लहान आडवं होऊन थरथरेल. घाबरू नका, तो मार नाही, मुजरा आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो: नीट सांभाळले तर क्लाउन दहा-पंधरा वर्षं सहज जगतात. लेक इंजिनिअरिंगला बाहेरगावी जाईल तेव्हा टाकी तुमच्या गळ्यात असेल.

लेकीला "निळा" हवा होता, त्याचं काय? तर फायरफिशच्या जागी एक पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल चालेल. एकच, आणि क्लाउनच्याही नंतर, सगळ्यात शेवटी. डॅमसेलांमध्ये त्यातल्या त्यात हा सभ्य, तरी फायरफिशला तो जगू देणार नाही, म्हणून दोन्ही नाहीत. दुकानात नीट बघा: अंग निळं आणि शेपूट पिवळीधमक. पूर्ण निळा असतो तो ब्लू डेव्हिल, नावाप्रमाणेच वागतो. फायरफिश मिळालाच नाही आणि निळ्याचा हट्टही नसेल तर एकटा बंगाई कार्डिनल घेता येईल, चंदेरी अंगावर काळे पट्टे. तो इंडोनेशियातल्या मोजक्या बेटांभोवतीच सापडतो आणि निसर्गात संकटात आहे, त्यामुळे तोही हॅचरीतलाच हवा.

दर नव्या माशामागे दोन-तीन आठवडे जाऊ द्या. जिवाणूंची वस्ती खाणाऱ्या तोंडांच्या हिशेबाने वाढते, एकदम चौघं आले तर ती पुरी पडत नाही.

दुकानात मासा पसंत पडला की लगेच घेऊ नका. दुकानदाराला सांगा, माझ्यासमोर खायला घाला. खात नसेल तर कितीही सुंदर असो, तिथेच राहू दे. कल्ले भराभर हलत असतील, पोट खपाटीला गेलं असेल, अंग दगडाला घासत असेल, किंवा त्याच टाकीत दुसरा कोणी मेलेला दिसला, तर चहा पिऊन परत या. नुकताच माल उतरला असेल तर विसार देऊन मासा आठवडाभर तिथेच ठेवायला सांगा. काही देशांत आजही सायनाइडने गुंगवून मासे पकडतात, असा मासा पहिले काही दिवस टवटवीत दिसतो आणि मग काही कारण न दिसता मरतो. आठवड्याचा भाव दोन-तीनशे जास्त पडला तरी पडू दे.

आणि घरी एक जुनी छोटी टाकी असेलच, सहा वर्षांच्या छंदात कोणाकडे नसते! तिच्यात स्पंज फिल्टर आणि लपायला प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसीचा एल्बो टाका. हा स्पंज आजपासूनच मोठ्या टाकीत बुडवून ठेवा, म्हणजे त्याच्यावरही जिवाणू बसतील. प्रत्येक नवा मासा चार आठवडे आधी तिथे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग निघाला तर औषध तिथे देता येतं. मोठ्या टाकीत तांब्याचं औषध घातलंत की तुमच्या गोगलगायी आणि पिस्तुलवाली बाई आधी मरेल.

आणायला जाल तेव्हा दुपारी जा. संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये छातीशी पिशवी धरून उभं राहणं मी एकदा केलंय. सोबत थर्मोकोलचा डबा न्या, कोळिणी बर्फाला वापरतात तसला. दुकानाच्या पाण्याची क्षारता (मिठाचं प्रमाण, साध्या पाण्याच्या तुलनेतल्या घनतेच्या आकड्यात) विचारा: बऱ्याच दुकानांत ती १.०१८ ते १.०२० ठेवतात, तुमची १.०२५ असायला हवी. त्यामुळे मासा धाडकन सोडायचा नाही. एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारून टाकीचं पाणी थेंब थेंब डब्यात पडू द्या, तासभर. दुकानातलं पाणी टाकीत ओतू नका.

पाण्याचं बोललोच तर: घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी वापरत असाल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. बहुतेक मशीनमध्ये चवीसाठी थोडं साधं पाणी परत मिसळतात, तसलं पाणी शेवाळाला खत होतं. टीडीएस शून्याच्या जवळ हवा. स्वयंपाकघरातलं मीठ किंवा जुहूच्या चौपाटीवरून भरून आणलेले कॅन, दोन्ही विसरा.

आता तुमचा हॉल. ताई, माझ्या मते तुमची खरी परीक्षा मासे निवडण्यात नाही, मे महिन्यात आहे. या सगळ्यांना २५ ते २७ अंश मानवतं. गच्चीखालच्या हॉलमध्ये पाणी ३१-३२ ला जाईल. चिलर मिळतो, पण त्याची किंमत टाकी आणि मासे मिळून होते त्याहून जास्त. आधी टाकी गच्चीखालच्या हॉलमधून आतल्या, एसी असलेल्या खोलीत नेता येते का बघा, मासे यायच्या आत. ते नसेल तर पाण्यावर आडवा वारा मारणारा छोटा पंखा लावा, डोंबिवलीच्या दमट हवेत दोनेक अंश उतरतील. पण पंखा लावला की पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ५५ लिटरमधून रोज दीड लिटर गेलं आणि तुम्ही पाच दिवस गावाला गेलात, तर दर हजारी ३५ ची क्षारता (घनतेच्या आकड्यात १.०२५ च्या आसपास) ४० वर पोचते. काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत आरओचं पाणी घाला, मिठाचं नाही, साधं. मीठ फक्त पाणी बदलताना. अगदीच तापलं तर गोठवलेली पाण्याची बाटली, बंदच, तरंगत सोडा. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप आत्ताच घेऊन ठेवा.

आणि हॉलमध्ये संध्याकाळी मच्छर मारायची मशीन लावत असाल, तर ती दुसऱ्या खोलीत न्या. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, आणि डासांच्या औषधात जे असतं ते माशांना डासांहून वाईट. गणपतीत धुपाच्या वेळी पंप अर्धा तास बंद ठेवा.

खायला फार लाड नकोत. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. बारीक दाणे, गोठवलेला मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव), आणि आठवड्यातून एकदा ताज्या कोळंबीचा किसासारखा बारीक चिरलेला तुकडा, आरओच्या पाण्यात धुऊन. सुका जवळा नको, मीठ आणि वाळू दोन्ही असतं त्यात.

राहिला तो काळा. दगड हलवू नका, जाळी घेऊन मागे लागू नका, पाच मिनिटांत दोघांनाही धाप लागेल. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचं तोंड कापा, उलटं करून बाटलीतच बसवा, नरसाळ्यासारखं, बूच काढलेलं. आत कोळंबीचा तुकडा ठेवा आणि बाटली वाळूवर आडवी टाका. आदल्या दिवशी त्याला उपाशी ठेवा. हा मासा हावरट आहे, अर्ध्या तासात आत जातो. गेला की लगेच झडप घालू नका, तुकड्याला तोंड लावू दे, मग बाटलीचं तोंड तळव्याने बंद करून सावकाश वर घ्या. पहिल्या खेपेला सुटला तर त्याच बाटलीत तो पुन्हा जात नाही.